मोरांच्या रानांतील पायवाट

गेल्या श्रावणांत बीडास बंधूंकडे जाण्याचा योग आला. दोन दिवस पंगतींत आणि गप्पांत गेल्यावर वहिनींनींच विषय काढिला कीं, "भाऊजी, शहरांतलीं उद्यानें आपण पुष्कळ पाहिलीं असतील, आमचें नायगांव एकदां पाहून जा." पुतण्यास शाळेची सुटी होती. तेव्हां दुसऱ्या दिवशीं पहांटेस आम्ही तिघें निघालों आणि उजाडतां उजाडतां पाटोदें तालुक्यांतील त्या मोरांच्या रानाशीं येऊन ठेपलों.

बालाघाटचे डोंगर हें नांव लहानपणीं भूगोलांत आपण सर्वांनीं पाठ केलेलें असतें. याच तालुक्याच्या डोंगरांत मांजरा नदी उगम पावते आणि सातशें किलोमीटरांहून अधिक मजल करून गोदावरीस मिळते. जामखेडच्या वाटेवर सौताड्यास विंचरणा नदी कड्यावरून खालीं रामेश्वराच्या देवळाकडे उडी घेते. हें ऐकून प्रांत पाण्याचा असावा, असें वाटेल. परंतु तो पडला पर्जन्यछायेंत. १९७२ सालच्या दुष्काळाच्या आठवणी येथील वृद्ध मंडळी अजून सांगतात; आणि आजही दसरा सरला कीं, ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें गांव सोडून जातात. अशा भूमींत जें रान टिकलें आहे, त्याची किंमत कोंकणच्या झाडीशीं तोलून चालावयाचें नाहीं.

१९९४ सालीं सरकारनें येथें मयूर अभयारण्य जाहीर केलें. त्याचें क्षेत्र सुमारें तीस चौरस किलोमीटर आहे. अरण्य म्हणजे आकाशास भिडलेले वृक्ष, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांची येथें निराशा होईल. बोरी, बाभळी, हिवर, खैर, सीताफळ अशीं काटक झाडें, मधून मधून गवताचे माळ आणि ओढ्यांच्या घळी, एवढाच काय तो पसारा. पण मोरास नेमकें हेंच हवें असतें. दिवसां दाणे व किडे टिपावयास मोकळें रान, रात्रीं बसावयास उंच झाड, जवळपास पाणी आणि अंडीं घालावयास झुडपांचा आडोसा! आपण त्यास १९६३ सालीं राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. त्याच्या गरजा मात्र अगदीं साध्याच राहिल्या.

वनरक्षकांस सोबत घेऊन आम्ही पायवाटेनें चालूं लागलों. अशा रानांत चालण्याचा गुण हा कीं, दहा मिनिटांत आपला आवाज आपणांस नकोसा होतो. मोटारींतून मोर दिसतो. पायीं चालणाऱ्यास तो आधीं ऐकूं येतो, मग गवताच्या हालचालींत जाणवतो आणि अखेरीस दिसतो. एका माळावर नर पिसारा उभारून थरथरत होता. त्याची दीडशेंच्या आसपास लांब पिसें पावसाळा सरतां सरतां झडून जातात आणि पुढल्या हंगामास नवीं येतात. वाटेंत पडलेलें एक पीस वहिनींनीं उचलून पाहिलें आणि तेथेंच ठेवून दिलें.

इतक्यांत पुतण्यानें मोबाइल काढिला. त्यानें घरूनच मोराची केका त्यांत भरून आणिली होती. ती वाजतांच पलीकडून उत्तर आलें. मुलास कोण आनंद झाला! तो वाट सोडून झुडपांत शिरला, आणि मींही हंसून त्यास जाऊं दिलें. वनरक्षक मागून घाईनें म्हणाले, "साहेब, पोराला हाक मारा. तिकडं अंडी असतील." मीं हाक मारीपर्यंत त्याच्या पायापासून दोन हातांवर एक लांडोर फडफडत उठली आणि ओढ्यापलीकडे गेली. गवतांतील उथळ खळग्यांत पांच फिकट अंडीं उघडीं पडलीं होतीं.

वनरक्षक रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "आता लांब चला. आपण गेलो तर ती येईल." आम्ही पुष्कळ दूर जाऊन अर्धा तास बसलों. लांडोर परतलेली आम्हांस दिसली नाहीं. त्यांनींच मग सांगितलें कीं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत 'शिकार' या शब्दाच्या अर्थांत पक्ष्याचीं अंडीं वा घरटें विसकटणेंही येतें. मीं आजवर शिकाऱ्यांस नांवें ठेवीत आलों. त्या दिवशीं त्या शब्दाच्या कक्षेशीं आपलेंच पाऊल जाऊन पोंचल्याचें पाहून मान खालीं गेली. चूक मुलाची नव्हती. हंसून परवानगी देणाऱ्या वडीलधाऱ्याची होती.

तेव्हांपासून पायवाटेचा अर्थ मला निराळा कळूं लागला आहे. पायवाट आपणांस रानांत नेते हें खरें. पण तिचें अधिक मोठें काम आपणांस उरलेल्या रानांतून बाहेर ठेवण्याचें आहे. एका हाताच्या पट्टींत माणसांचीं पावलें पडलीं कीं, दोन्हीं बाजूंचें गवत लांडोरीस मोकळें राहतें. नर अंड्यांकडे फिरकत नाहीं. ती एकटीच सुमारें चार आठवडे भुईवर बसते, आणि तिचें सारें रक्षण म्हणजे तिचा मातकट रंग व तिची निश्चलता. आपण एकदां तिला उठविली, तर कोल्ह्या-मुंगसास तेवढी वेळ पुरते.

वाचकहो, मुलांस रानांत अवश्य न्या. केवळ पुस्तकांतील मोर पाहून वाढलेलें मूल पुढें रानासाठीं कां झटेल? परंतु निघण्यापूर्वीं घरींच त्यांस सांगा कीं, आवाज वाजवून पक्ष्यास बोलवावयाचें नाहीं, पावसाळ्यांत वाट सोडावयाची नाहीं, आणि सोबतीस असलेल्या स्थानिक माणसाचा शब्द वडिलांच्या शब्दाइतकाच मानावयाचा.

गेल्या आठवड्यांत पुतण्याचें पत्र आलें. पत्रांत अभ्यासाविषयीं चकार शब्द नाहीं. एवढेंच लिहिलें आहे: "काका, आज अठ्ठावीस दिवस झाले. ती परत आली असेल ना?" मीं उत्तर लिहावयास घेतलें आहे, अजून पुरें झालेलें नाहीं.