शेततळ्यातील खुरटलेले मासे

पावसाची शाश्वती नसलेल्या आपल्या जिल्ह्यात शेततळे ही बागाईतदाराची मोठी ठेव होय. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना निघाली व तळ्यांची संख्या वाढली. डाळिंबासाठी साठविलेल्या पाण्यात मासे पाळून जोडउत्पन्न घ्यावे, हा विचारही पुष्कळांनी केला, आणि तो योग्यच आहे. परंतु दोन-तीन वर्षांनी अशा तळ्यांविषयी एकच तक्रार आमच्या कानी येते. मासे दिसतात पुष्कळ, पण वाढत नाहीत. जाळ्यात येतात ते सारे चार बोटांचे. खाद्य वाढविले, नवे बीज आणून सोडले, तरी गुण येत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा दोष बहुधा खाद्याचा नव्हे व बीजाचाही नव्हे. तो गर्दीचा आहे, आणि ती गर्दी मालकाच्या हातूनच टिकते.

ही गर्दी बहुतेक चिलापीची असते. हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. कटला, रोहू व मृगल हे आपले मासे साचलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत. जितके सोडावे त्याहून अधिक होत नाहीत. चिलापी मात्र दोन-तीन महिन्यांची झाली की विऊ लागते, आणि मादी अंडी व पिले तोंडात सांभाळीत असल्यामुळे ती फारशी मरत नाहीत. तळ्यातील अन्न तेवढेच राहते व खाणारी तोंडे मात्र अनेकपट होतात. मग अन्न जीव धरून राहण्यातच खर्ची पडते, अंग भरत नाही. चार बोटांच्या मादीच्या तोंडात अंडी आढळली, तर ते वाढीचे पिलू नसून खुरटलेला प्रौढ मासा आहे असे खुशाल समजावे.

दूर अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या माशाची घडते. तेथील जमीनमालक खासगी तळ्यात 'बास' नावाचा शिकारी मासा हौसेने पाळतात. पुढे मोठा होईल या आशेने धरलेला प्रत्येक लहान बास ते परत सोडतात. त्यायोगे बासांची संख्या फुगते, त्यांचे भक्ष्य असलेले लहान मासे संपतात, आणि हातभर व्हावयाचे बास सव्वा वितीवर अडून राहतात. अलाबामा येथील होमर स्विंगल यांनी अनेक वर्षे तळ्यांचे प्रयोग करून १९५० साली भक्ष्य व भक्षक यांच्या तोलाचा सिद्धान्त मांडला. त्याचे सार आमच्या भाषेत इतकेच, की तळ्यातून मासे काढणे हीही माशांची निगाच आहे.

लहान जीव काढून टाकणे पुष्कळांच्या जिवावर येते. परंतु तोच शेतकरी बाजरीची विरळणी करतो, डाळिंबाची दाट फळे हाताने खुडतो, आणि त्यास नुकसान म्हणत नाही. मग पाण्यातील पिकास निराळा न्याय का असावा?

उपाय कठीण नाही. प्रथम बारीक आसाचे जाळे ओढून पाहावे. सारे मासे लहान व एकाच मापाचे निघाले, तर खाद्यावर आणखी पैसा घालू नये. जाळ्यात आलेला एकही लहान चिलापी परत सोडू नये. तरीही नुसत्या जाळ्याने चिलापी निपटत नाही. यास्तव उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले म्हणजे तळे पुरते कोरडे करावे. डबके राहिले की बीज राहिले. पुढे कालव्याचे वा ओढ्याचे पाणी घेताना नळीस बारीक जाळी बांधावी. त्यानंतर पृष्ठभागी चरणारा कटला, मधल्या थरातील रोहू व तळाचा मृगल यांची बोटुकली हेक्टरी ५,००० या बेताने सोडावी. ३० मीटर लांब-रुंद तळ्यास, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांस, ती साधारण ४५० होतात. तळे कोरडे करणे शक्य नसेल तर मरळ सोडावा. तो चिलापीची पिले खातो. मात्र तो कटल्याची बोटुकलीही खातो, म्हणून ती चांगली वाढल्यावाचून त्यास आत घेऊ नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. काढलेली चिलापी जिवंतपणी ओढ्यात, मुळेत किंवा प्रवरेत सोडून मोकळे होऊ नये. आपल्या तळ्यातील पीडा वाहत्या पाण्यात घालणे म्हणजे त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या भोई बांधवांच्या जाळ्यात ती टाकणे होय. मासे विकावे, वाळवून कोंबड्यांस घालावे, नाहीतर झाडाच्या बुडाशी पुरावे. खत उत्तम होते.

तळ्यात किती मासे आहेत हे सांगण्यात भूषण मानण्याची चाल आपल्यात पडत आहे. बाजारात मासा तोलून घेतात. सभासदांनी यंदा संख्येची हौस सोडून वजनाचा हिशेब धरावा, अशी आमची विनंती आहे.