आधी रूळ, मग इंजिन

गेल्या संमेलनाच्या प्रदर्शनात आमच्या गटाने ‘परतूर स्टेशन’ मांडले होते. थर्मोकोलची इमारत, पिवळी पाटी, सिग्नल, आणि कोणाच्या तरी नातेवाइकाकडून मागून आणलेली विजेवर धावणारी गाडी. गर्दी उत्तम जमली. माझे वडील रेल्वेत गँगमन आहेत. (कागदोपत्री आता ‘ट्रॅक मेंटेनर’ म्हणतात, गावात गँगमनच.) तेही आले, वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, “खडी कुठं हाय रे?”

मी हसून वेळ मारून नेली. पण खडी खरोखरच नव्हती. इंजिनाच्या रंगावर आम्ही चार दिवस वाद घातला होता आणि रूळ मात्र डब्यातून निघाले तसे लावले होते. माझे मत असे की हा क्रम उलटा हवा.

बाजारात १:८७ या प्रमाणाचे जे रूळ सहसा मिळतात, त्या दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणा, १४३५ येतात. हे माप युरोप-अमेरिकेचे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे मॉडेलात १९.३ हवे. फरक तीन मिलिमीटरही नाही, पण प्रत्यक्षात तो साडेनऊ इंच भरतो! वळणाचे तर विचारूच नये. दीड फूट त्रिज्येचे खेळण्यातले वळण म्हणजे खरे सुमारे ४० मीटरचे. आपल्या ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर लागतात. ते मॉडेलात आणायला दोन मीटरची त्रिज्या हवी. एवढी खोली आमच्यापैकी कोणाकडे आहे? म्हणून वळणाचा नाद सोडावा. चार फुटांची फळी घ्यावी. तिच्यावर खरा मार्ग शंभरेक मीटरच बसेल, पण बरोबर बसेल.

मग काळ ठरवावा. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हा मार्ग मीटरगेज म्हणून आला आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. आजीच्या आठवणीतले परतूर करायचे तर ११.५ मिलिमीटर, आजचे करायचे तर १९.३. आमचे इंजिन वाफेचे होते आणि स्टेशन आजचे!

खडीचेही तसेच. मुगाएवढा खडा ८७ पट केला तर कळशीएवढा धोंडा होतो. क्रशरचा काळा चुरा बारीक गाळणीने चाळावा, आणि जाळीखाली पडेल तोच घ्यावा. सिमेंटचे स्लीपर सात-सात मिलिमीटरवर येतात. रुळाच्या कडा गंजाच्या रंगाच्या, चकाकी फक्त माथ्यावर, चाक फिरते तेवढीच.

एक मित्र म्हणतो, एवढी मापे कोण बघतो? पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोक आनंदाने पाहत आहेत, तेथे कोणी फूटपट्टी घेऊन जाते का? नसेल जात. पण तेथील शहर कल्पनेतले आहे, आणि गाड्या धावताना पाहण्याची मौज हाच त्याचा हेतू. आम्ही पाटीवर ‘परतूर’ लिहिले होते. एकदा तसे लिहिले की बघणारा माणूस असतो. आमच्याकडे तर तो रोज सकाळी डबा घेऊन रुळावर जातो.

अडचण मोठी आहे, ती लपवत नाही. १९.३ च्या रुळावर बाजारातली गाडी धावणार नाही, तिची चाके मध्येच उतरतील. तेव्हा यंदाची गाडी उभीच राहील आणि गर्दीही कमी होईल. मला ते चालेल. गटातल्या दोघांना चालत नाही, त्यांच्याशी अजून बोलणे चालू आहे.

फळी आणून ठेवली आहे. खडी चाळून झाली, ती वडिलांनीच चाळली. रुळासाठी दोन मिलिमीटर उंचीची धातूची पट्टी मात्र जालन्यातही मिळाली नाही. कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.