मुंबईंत आपल्या गांवची खोली

घरांत मोठें दुखणें आलें म्हणजे आपण डॉक्टरच्या फीचा व औषधांचा हिशेब मांडतों. पण रात्रीं डोकें कोठें टेकावयाचें, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. पाचोडहून एसटीनें संभाजीनगर गांठावें, रात्रीच्या देवगिरीनें मुंबईस जावें, येथवर खर्च झेपतो. घर बुडतें तें पुढें.

परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून गोरगरीब कर्करोग्यांचा आधार आहे. परंतु तपासण्या व उपचार यांसाठीं तेथें आठवडेच्या आठवडे राहावें लागतें आणि रोग्याबरोबर एक माणूस लागतोच. लॉजचें एका रात्रीचें भाडें आपल्या दिवसाच्या मजुरीहून जास्त! म्हणून रुग्णालयाभोंवतीं फुटपाथवर पथारी पसरलेलीं माणसें दिसतात. तीं भिकारी नव्हेत. तुमच्याआमच्यासारखीं शेतकरी, सुतार, कुंभार आहेत.

हें दुःख गाडगेबाबांनीं ओळखलें होतें. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरांत कोणी ओसरी देईना, म्हणून त्यांनीं चोखामेळा धर्मशाळा बांधली व १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबांच्या नांवाची दादरची धर्मशाळा आजहि रोग्यांना अल्प दरांत आसरा देते. वांद्र्यास रुग्णालयाचें डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम आहे. पण गरज विहिरीएवढी आणि जागा घागरीएवढी!

सरकारचेंहि पाहा. २०२१ सालीं म्हाडाचीं १०० घरें टाटा रुग्णालयास द्यावयाचें ठरलें, किल्ल्याहि दिल्या. तेथील रहिवाशांनीं तक्रार केली आणि जूनमध्यें त्या निर्णयास स्थगिती मिळाली. लागलीच बॉम्बे डाईंग गिरणीच्या जागेंतील १०० घरें देण्याचें जाहीर झालें, हें बरें झालें. पण कर्करोग शेजाऱ्याला लागत नाहीं, हें ठाऊक असूनहि रोगी शेजारीं नको वाटतो, एवढें त्यांतून उघड झालें. दुसऱ्याच्या दारांत आपण किती दिवस उभें राहावयाचें?

यावर तोड गरिबांनींच पूर्वीं काढलेली आहे. गोव्याच्या गांवांनीं मुंबईंत ‘कूड’ नांवाचीं गांवोगांवचीं बिऱ्हाडें चालविलीं. जहाजाची वाट पाहणारा खलाशी थोडक्या पैशांत आपल्या गांवच्या कुडांत राही. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडील गिरणीकामगारांनीं लालबाग-परळांत गांवच्या खोल्या केल्या. गांवचा माणूस आला कीं त्याची वळकटी तेथें पडे. आपण मराठवाडेकर मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत राहिलों, मुंबई राज्यांत आलों १९५६ सालीं. गिरण्यांत आपलीं माणसें थोडीं. म्हणून आपलें छप्परहि तेथें नाहीं.

माझी सूचना अशी. पाचोड व आसपासच्या दहाबारा गांवांनीं मिळून परळच्या बाजूस दोन खोल्या भाड्यानें घ्याव्या. पाचोडच्या मोसंबी बाजारांत माल घालणाऱ्यांनीं राजीखुशीनें क्विंटलमागें रुपया काढावा. ज्याचें शेत नाहीं त्यानें काढूं नये, तरी त्याचा हक्क तेवढाच. जमाखर्च दर ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा. ‘पैसा जमला कीं पुढारी खातो’ असें कोणी म्हणेल. खातो, कारण आपण हिशेब विचारीत नाहीं! दुसरें, ती खोली पाटलाची किंवा एका जातीची होतां कामा नये. मराठा, माळी, बौद्ध, मातंग, मुसलमान, वंजारी, ज्याचें दुखणें भारी त्याचा नंबर आधीं. १९१७ सालीं बडोद्यास डॉ. आंबेडकरांसारख्या विद्वानास जातीमुळें पारशी सराईंतून बाहेर काढलें. तो कलंक आपल्या उंबऱ्यावर नको.

हें होईपर्यंत एवढें सांभाळा. संभाजीनगरास सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, तेथें आधीं दाखवा. कित्येकांची मुंबईची फेरीच वांचेल. जावेंच लागलें तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागांत कागदपत्र दाखवून धर्मशाळेसाठीं चिठ्ठी मागा. ती मागण्यांत लाज नाहीं. स्टेशनावर हात धरणाऱ्या दलालाबरोबर जाऊं नका. जागा पाहिल्याशिवाय फोनवरून पैसे धाडूं नका. पावती घेतल्याशिवाय दमडी देऊं नका.

येत्या ग्रामसभेंत हा विषय कोणी तरी मांडावा. देवळाच्या कळसाला वर्गणी निघते. मग आजारी माणसाच्या छपराला कां निघूं नये?