विदूषक माशाची पारख

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे आणि पट्ट्यांच्या कडेला काळी रेघ असलेला विदूषक मासा, म्हणजे बाजारातला क्लाउनफिश, २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आल्यापासून मुलांना नावानिशी ठाऊक झाला. घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी आणायची ठरली की पहिली मागणी त्याचीच होते, आणि ती मागणी अवास्तव नाही. सागरी माशांपैकी नवशिक्याच्या हाती टिकणारे मासे थोडे. त्यांत हा अग्रभागी आहे. परंतु दुकानात गेलेले कुटुंब बहुधा आधी रंग पाहते आणि मग भाव विचारते. व्यापारी घराण्यात तरी हा क्रम असू नये. धान्य असो वा कापड, माल कोठून आला हे कळल्याशिवाय भावाला अर्थ नसतो, हे तेथे पेढीवर बसणाऱ्या पहिल्या दिवशीच शिकवले जाते.

या माशाची आवक दोन वाटांनी होते. एक मासा समुद्रातील प्रवाळभित्तीवरून धरून आणलेला असतो, दुसरा बीजकेंद्रात, म्हणजे हॅचरीत, जन्मलेला. आग्नेय आशियातील काही भागांत शोभेचे मासे धरण्यासाठी खडकांच्या कपारींत सायनाइडचे द्रावण फवारतात. मासा गुंगतो आणि हाती लागतो; त्याच फवाऱ्याने भोवतालचे प्रवाळही मरतात. जाळ्याने धरलेल्या माशालाही पिशवीतील पाण्यात, एका हातातून दुसऱ्या हातात असा लांबचा प्रवास करावा लागतो आणि दुकानापर्यंत पोहोचेतो तो पुष्कळदा खचलेला असतो.

हॅचरीची वाट मात्र याच माशासाठी विशेष सुलभ ठरली. सागरी माशांपैकी बहुसंख्य आपली अंडी पाण्यात सोडून देतात. विदूषक मासा ती खडकाला चिकटवतो, आणि नर आठवडाभर त्यांच्यावर पंख हलवत पहारा देतो. अंधार पडल्यावर पिल्ले बाहेर येतात, काही दिवस तरंगत राहतात आणि मग अंगावर पट्टे धरतात. व्यापारी प्रमाणावर हे संगोपन १९७० च्या दशकात सुरू झाले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथे विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने नवी मुंबईत ऐरोली येथे सागरी शोभिवंत माशांचे बीजकेंद्र उभारले. तेव्हा ‘हॅचरीचा मासा मिळत नाही’ हे दुकानदाराचे उत्तर सहजी मान्य करण्याजोगे राहिलेले नाही. मासा कोणत्या हॅचरीतून आला, हे त्याला सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तेथून रिकाम्या हाताने परतावे.

जातींपैकी नवशिक्याने ऑसेलॅरिस घ्यावी. ती साधारणतः ८ ते १० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि स्वभावाने सौम्य असते. तिच्यासारखीच दिसणारी पर्क्युला थोडी नाजूक. तिच्या पट्ट्यांची काळी किनार बहुधा अधिक जाड असते. टोमॅटो आणि मरून या जाती देखण्या खऱ्या, पण भांडखोर. मरूनची मादी १५ सेंटीमीटरपर्यंत जाते आणि लहान पेटीत दुसऱ्या माशाला जगू देत नाही. तुटक पट्ट्यांच्या, ‘स्नोफ्लेक’ आणि ‘पिकासो’ अशा नावांच्या वाणांना भाव मोठा मिळतो. तो भाव केवळ नक्षीचा आहे. मासा त्यामुळे अधिक काटक होत नाही.

निवड करताना दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. निरोगी मासा धावून येतो. श्वास धापा टाकल्यासारखा जलद चालत असेल, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील, किंवा कातडीवर शेवाळी-पांढरा बुळबुळीत थर सुटत असेल, तर तो मासा नको, आणि त्याच पाण्यातला दुसराही नको. त्या बुळबुळीत थरामागे बहुधा ब्रुकलिनेला हा परजीवी असतो. समुद्रातून धरलेल्या विदूषक माशांत तो अधिक आढळतो आणि थोड्या दिवसांत जीव घेतो. हा मासा मुळातच डुलत पोहतो आणि रात्री कोपऱ्यात तिरका होऊन निजतो. तो आजार नव्हे.

येथे दयाळू घरांतील एक प्रसंग वारंवार घडतो. कोपऱ्यात मलूल पडलेला मासा पाहून घरातील कोणी म्हणते, ‘याला घेऊ या, वाचेल बिचारा.’ भावना शुद्ध आहे. पण दुकानाच्या वहीत तो नग विक्री म्हणूनच लिहिला जातो, आणि रिकाम्या जागी त्याच पुरवठादाराकडून दुसरा मागवला जातो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. या व्यवहारात जीवदया करण्याची जागा खरेदीच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही.

दोन मासे घ्यायचे असल्यास दोन्ही लहान, पण आकाराने एक किंचित मोठा असे घ्यावेत. विदूषक मासे नर म्हणून परिपक्व होतात. समूहातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. त्यामुळे जोडी शोधण्याची खटपट नको, ती आपोआप जुळते. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर मात्र एक जीव गमावावा लागतो. समुद्रात हा मासा ज्याच्या आश्रयाने राहतो ते समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, पेटीत आवश्यक नाही. नव्या पाण्यात ते मरते आणि पाणी नासवते. खऱ्या प्रवाळाचा तर विचारही नको: भारतात खडक रचणाऱ्या सर्व प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सिरॅमिकचे कोरडे दगड पुरेसे होतात.

जैन गृहस्थाला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी बाब आहे खाद्याची, आणि ती दुकानात कोणी काढत नाही. हा मासा समुद्रात शेवाळ खातो, तसेच पाण्यातील सूक्ष्म जीवही खातो. त्याच्या दाण्यांच्या पाकिटावर स्पिरुलिनाचे हिरवे चित्र असले तरी मागील बाजूच्या यादीत बहुधा माशांची भुकटी किंवा कोळंबी असते. निव्वळ वनस्पतिजन्य आहारावर तो धड राहत नाही. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ आहे, तसाच ‘अन्नपाननिरोध’ही आहे, घराच्या शुद्धीसाठी माशाला अपुरे खाऊ घालणे दुसऱ्यात मोडते. ते पाकीट घरात येणे ज्यांना मान्य नसेल, त्यांनी मासा न आणणे हाच सरळ मार्ग. मुलांना तसे कारणासह सांगितले, तर त्यांना ते समजते.

ज्यांचा निर्णय होकारार्थी असेल, त्यांनी माशाच्या आधी पाणी सिद्ध करावे. जोडीसाठी पेटी निदान १०० लिटरची हवी. गाळलेल्या, क्लोरिनमुक्त पाण्यात सागरी मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणावे, तापमान २५ ते २७ अंश ठेवावे आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे थांबावे. पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची असते, खाऱ्या नव्हे. एप्रिल-मेमध्ये पाणी तापते, त्यावर पंखा किंवा चिलर लागतो, आणि वीज गेल्यास हवेचा पंप बॅटरीवर चालला पाहिजे. हा खर्च माशाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. हिशेब आधी मांडावा.

हौस सरली म्हणून मासा समुद्रात सोडणे हे अभयदान ठरत नाही. हॅचरीत वाढलेल्या माशाला मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर ना आसरा मिळतो, ना समुद्रफूल, आणि त्याच्यासोबत पेटीतले रोगही बाहेर जातात. नीट सांभाळलेला विदूषक मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. तेवढ्या काळात मुले शिक्षणासाठी परगावी जातात, पेटी घरातच राहते. म्हणून मासा परत घेण्याचे बोलणे खरेदीच्या दिवशीच दुकानदाराशी करून ठेवावे, आणि पाणी बदलण्याचे काम तेव्हा कोणाकडे जाईल, हेही त्याच दिवशी घरात ठरवावे.