सहीला भाव, शब्दाला नाही!

ज्या हाताने शतक ठोकले किंवा सामना जिंकून दिला, त्या हाताची चार अक्षरे आपल्या संग्रही असावीत, ही हौस निरागस आहे. मैदानाच्या कठड्याशी तासन् तास तिष्ठत उभे राहून वही पुढे करणाऱ्या पोराला त्या सहीचा व्यापार करावयाचा नसतो. परंतु त्या चार अक्षरांना ज्या दिवशी बाजारात भाव आला, त्याच दिवशी त्यांची हुबेहूब नक्कल करणारा हातही जन्मास आला. आज खेळाडूंच्या सह्या, बॅटी, टोप्या आणि सदरे ह्यांचे लिलाव जगभर होत आहेत. आपल्या देशातही ते मूळ धरू लागले आहेत. अशा वेळी ह्या बाजारात अस्सल किती आणि बनावट किती, हा प्रश्न चार हौशी श्रीमंतांचा खासगी प्रश्न राहत नाही. तो सार्वजनिक विश्वासाचा प्रश्न होतो.

हा रोग किती खोलवर जाऊ शकतो, हे अमेरिकेने पुरते अनुभवले आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एफ. बी. आय.ने, प्रथम शिकागोत मायकेल जॉर्डनप्रभृती खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा माग काढला. तो माग पुढे कॅलिफोर्नियात सॅन डिएगोपर्यंत पोहोचला. ‘ऑपरेशन बुलपेन’ ह्या नावाने ही मोहीम प्रसिद्ध आहे. सॅन डिएगोच्या बेसबॉल संघाचा विख्यात फलंदाज टोनी ग्विन ह्याला स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या सहीचा माल विकावयास ठेवलेला आढळला, आणि त्यावरील सही त्याची नव्हती! मालकाच्या घरातच चोरीचा माल उजळ माथ्याने मांडला जावा, ह्याहून अधिक निर्लज्ज धाडस कोणते? ऑक्टोबर १९९९ मध्ये धाडी पडल्या. पुढे साठांहून अधिक माणसे दोषी ठरली. जप्त झालेल्या मालात मिकी मँटल, बेब रूथ आणि मार्क मॅग्वायर ह्यांच्या सह्या होत्या. इतकेच नव्हे, तर मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते! ते खरे मानून विकत घेणारी माणसे असल्याखेरीज कोणी ते बनवीत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या प्रसंगावर केवळ हसून भागत नाही.

बनावट सही ओळखता येत नाही, असे मात्र नाही. नक्कल करणारा अक्षरे लिहीत नाही, तो ती चितारतो. त्यामुळे रेघ मंदावते, मध्येच कापते, आणि जेथे लेखणी उचलण्याचे कारण नाही तेथे ती उचलली गेल्याची खूण राहते. साधनेही चुगली करतात. बेब रूथ १९४८ साली मरण पावला, आणि जाड रेघेचे ‘शार्पी’ पेन बाजारात आले ते १९६४ साली. तेव्हा त्या पेनाने केलेली रूथची सही स्वर्गातून आली असेच म्हणावे लागेल. पण धंद्यात मुरलेला भामटा इतका भोळा नसतो. जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून तो जुना कागद मिळवितो. नव्या चेंडूवर लाखेचे रोगण चढवून त्याला पन्नास वर्षांचे वय आणतो. शिवाय खुद्द खेळाडूंचे वर्तनही तज्ज्ञांची वाट बिकट करून ठेवते. संघाच्या खोलीतील पोरांनी खेळाडूंच्या वतीने चेंडूंवर सह्या ठोकण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. अशी सही ज्या दिवशी झाली त्या दिवशीचीच असते, त्या मैदानावरचीच असते, तरीही ती खोटी असते. केवळ अक्षराकडे पाहून निवाडा देणारा तज्ज्ञ येथे काय करणार?

ह्या अडचणीवर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे प्रमाणपत्र. वस्तूबरोबर एक कागद द्यावयाचा, त्यावर चकचकीत चिकटपट्टी लावावयाची, आणि ‘ही वस्तू अस्सल आहे’ असे छापावयाचे. परंतु जो सही बनवू शकतो, त्याला सहीचे प्रमाणपत्र बनविणे कठीण का जावे? सॅन डिएगोच्या टोळीच्या मालाबरोबर प्रमाणपत्रेही होतीच. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात पोलिसांनी ज्या व्यापाऱ्याच्या जागांवर धाड घातली, त्याने तर प्रमाणीकरण करणाऱ्या कंपन्यांच्या होलोग्राम चिकटपट्ट्यांचीच नक्कल केल्याचे स्वतः लिहून ठेवले. आपण चाळीस लाखांहून अधिक खोट्या वस्तू विकल्या, असा त्याचा दावा होता. त्याच्या मृत्यूमुळे त्या आकड्याची त्याच्याकडून उलटतपासणी आता होणे नाही, आणि तो आकडा फुगविलेला असणे अशक्य नाही. पण त्यातला दहावा हिस्सा जरी खरा धरला, तरी चिकटपट्टीवर विसंबणाऱ्या बाजाराची अब्रू शिल्लक राहत नाही.

ह्याहूनही गंभीर गोष्ट अशी की, जेथे भामट्यांचा संबंध नाही असे आपण समजतो त्या प्रतिष्ठित लिलावगृहांतही कुंपणाने शेत खाल्ल्याची उदाहरणे आहेत. होनस वॅग्नर ह्या बेसबॉलपटूचे सुमारे १९०९ साली निघालेले एक छोटे छापील चित्र, सिगारेटच्या पाकिटातून वाटले गेलेले, जगातील सर्वांत मोलवान कार्डांत गणले जाते. त्याची जी प्रत सर्वांत उत्तम म्हणून नावाजली, ती एका नामांकित संस्थेने तपासून उच्च श्रेणीची ठरविली आणि २००७ साली ती २८ लाख डॉलरांना विकली गेली. मात्र त्या प्रतीच्या कडा कापून तिला ते नीटस रूप आणले असल्याचे लिलावगृहाचे मालक बिल मास्ट्रो ह्यांनी २०१३ साली शिकागोच्या न्यायालयात कबूल केले. आपल्या लिलावांत भाव चढविण्यासाठी खोट्या बोली लावल्याचाही गुन्हा त्यांनी मान्य केला, आणि २०१५ साली त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. विकणारा, तपासणारा आणि बोली पुकारणारा ह्या तिघांचा नफा जेव्हा एकाच दिशेने वाहतो, तेव्हा चौथ्याचा, म्हणजे घेणाऱ्याचा, खिसा मोकळा होणे क्रमप्राप्तच असते.

मग अस्सलपणा ठरवावयाचा तरी कसा? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांपासून आपल्या संशोधकांनी जुन्या दप्तरांतील कागद पारखताना केवळ अक्षराचे वळण पाहिले नाही. कागद कोणता, शाई कोणती, शिक्का आणि मोर्तब जागच्या जागी आहे काय, आणि मुख्य म्हणजे हे पत्र कोणाच्या घरातून, कोणाच्या हातून आले, हे सारे पाहिले. तोतयाचा इतिहास असलेल्या ह्या भूमीत चेहऱ्याच्या साम्यावर भुलू नये, एवढे शहाणपण सर्वांस असावयास हवे. क्रीडावस्तूंनाही हाच न्याय लागू आहे. वस्तू मैदानावरून उचलली गेल्यापासून लिलावाच्या टेबलावर येईपर्यंतची हस्तांतरांची साखळी जेथे अखंड आहे, तेथे अस्सलपणा सिद्ध होतो. जेथे ती तुटते तेथे उरतो तो केवळ तर्क.

दिएगो मॅराडोनाने १९८६ साली इंग्लंडविरुद्ध घातलेला सदरा मे २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात ७१ लाख पौंडांवर गेला. सामना संपताच इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी सदऱ्यांची अदलाबदल केली होती. तरीही मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी हा सदरा पहिल्या अर्धातील आहे, ते दोन गोल केले तेव्हाचा नव्हे, असा आक्षेप घेतला. तेव्हा जुन्या छायाचित्रांशी सदऱ्यावरील बारीक खुणा ताडून विक्रेत्यांना आपली बाजू मांडावी लागली. इतक्या स्पष्ट साखळीलाही जर असे उत्तर द्यावे लागते, तर ‘मित्राच्या काकांकडून मिळाली’ एवढाच पूर्वेतिहास असलेल्या बॅटीची कथा ती काय?

आता आपल्या घरी येऊ. १९४७-४८ च्या दौऱ्यात डॉन ब्रॅडमन ह्यांनी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता ह्यांना दिलेली हिरवी टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत लिलावात विकली गेली. त्याच दौऱ्यात महाराष्ट्राचे खेळाडू रंगा सोहनी ह्यांना ब्रॅडमनकडून मिळालेली दुसरी टोपी जानेवारी २०२६ मध्ये लिलावात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल ह्यांच्या पुढाकाराने झालेल्या धर्मादाय लिलावात विराट कोहलींच्या सदऱ्याला ४० लाख रुपये मिळाले. खेळाडूंनी आपल्या हाताने दिलेल्या वस्तू सत्कार्यासाठी विकल्या जाव्यात, हे स्तुत्यच आहे. परंतु चाळीस लाखांचा हा भाव जसा सज्जनांच्या कानी गेला, तसाच तो इतरांच्याही कानी गेला असणार, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, चैनीच्या वस्तूंत श्रीमंत फसले तर देशाचे काय बुडाले? आमचे उत्तर असे की, खोट्या मालाने सर्वांत आधी बुडतो तो खऱ्या मालाचा धनी. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळविलेले कांस्यपदक म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरला कुस्ती अकादमी उभारण्याचे आश्वासन पुरे होत नाही म्हणून ते पदक लिलावात काढण्याचा मनोदय त्यांच्या कुटुंबीयांना २०१७ साली जाहीर करावा लागला. तशी पाळी कोणावर येऊ नये, ही आमची इच्छा. पण ज्या जुन्या खेळाडूंना ना करार मिळाले ना जाहिराती, त्यांच्या घरात मागे उरलेली मिळकत म्हणजे अशाच चार वस्तू. बाजार खोट्यांनी भरला की ग्राहक खऱ्याकडेही संशयाने पाहतो, आणि त्या वस्तूंचे मोल मातीमोल होते. भामटा केवळ एका श्रीमंताचे पैसे चोरीत नाही. तो एका गरीब घराचा वारसा चोरतो.

उपाय अवघड नाहीत. अमेरिकेतील बेसबॉल संघटनेने ‘बुलपेन’नंतर २००१ साली सुरू केलेली पद्धत आपल्यापुढे आहे. तेथे प्रत्येक सामन्यास त्रयस्थ निरीक्षक हजर असतो. चेंडू वा बॅट त्याच्या डोळ्यांदेखत मैदानाबाहेर आली तरच तिला क्रमांकित खूण लागते, आणि त्या क्रमांकाची नोंद कोणासही पाहता येते. क्रिकेट नियामक मंडळाला आणि राज्य संघटनांना पैशाची वाण नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून रणजी सामन्यांपर्यंत अशी नोंद सक्तीची करणे त्यांना सहज शक्य आहे. हॉकी आणि कुस्ती ह्या खेळांसाठी तो भार सरकारने उचलावा. लिलावगृहांनी प्रत्येक वस्तूचा पूर्वेतिहास छापावा, तपासनिसाचे नाव आणि त्याचे शुल्क जाहीर करावे, आणि वस्तू खोटी ठरल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची लेखी हमी द्यावी. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज ह्यांविरुद्ध आपला दंडविधान आहे, ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदाही आहे. पण कॅलिफोर्नियात खोट्या सहीबद्दल विक्रेत्यास नुकसानीच्या दसपट भरपाई द्यावी लागू शकते, तशी नेमकी आणि जरब बसविणारी तरतूद येथेही हवी.

आणि शेवटची जबाबदारी घेणाऱ्याची. भावाने थोडी स्वस्त आणि कथेने फार गोड अशी वस्तू समोर आली की त्याने सहीकडे पाहण्यापूर्वी ती पुढे करणाऱ्याकडे पाहावे, आणि ‘ही तुमच्याकडे कोठून आली?’ असे निःसंकोच विचारावे. ज्याला ह्या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. नियामक मंडळाच्या पुढील वार्षिक सभेपुढे हा विषय यावा, अशी आमची मागणी आहे. शेवटी खेळाडूंची सही म्हणजे त्यांचा शब्दच असतो, आणि त्या शब्दाची पत राखण्याचे कर्तव्य त्यांच्या संघटनांचे आहे.