शब्दांची घराणी : 'हजर' आणि त्याचे गणगोत

दोस्तांनो, शाळेत सकाळी तुमचा नंबर पुकारला की तुम्ही काय म्हणता? कुणी 'उपस्थित' म्हणतं, कुणी 'प्रेझेंट सर', आणि कुणी बाकावरून अर्धवट उठत 'हजर!' आज आपल्याला हा 'हजर' हवा आहे. कैरोतल्या एखाद्या शाळेत मुलाचे नाव घेतले, तर तोही जवळजवळ हेच ओरडतो : 'हादिर!' मुलगी असेल तर 'हादिरा!' शब्द एकच, बरं का. अरबीतून तो फारसीत गेला, फारसीबरोबर दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात आला आणि तिथून आपल्या कचेऱ्यांत, वाड्यांत आणि शेवटी शाळेच्या हजेरीपटावर येऊन बसला.

त्याचे घराणे शोधायचे तर आधी अरबीची एक युक्ती समजून घ्यायला हवी. संस्कृतात 'कृ' धातूपासून कर्ता, कार्य, कृती असे शब्द होतात, हे तुम्ही शिकला आहात. अरबीतही धातू असतात, पण ते बहुतेक करून तीन व्यंजनांचे. नुसती व्यंजने! स्वर मधे मधे भरायचे आणि हवा तो शब्द बनवायचा. क-त-ब म्हणजे लिहिण्याशी संबंधित काहीतरी. मग किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेले, म्हणजे पत्र. मकतब ही लिहिण्याची जागा. पहिल्या अक्षराला 'आ', दुसऱ्याला 'इ' आला की 'ते काम करणारा', आणि पुढे 'म' लागून 'मकतब'सारखा साचा झाला की बहुधा जागा. साचे ठरलेले असतात. धातू बदला, साचा तोच ठेवा.

आता हाच साचा ह-ज-र या धातूला लावू. अर्थ : समोर असणे, येऊन पोचणे. 'कातिब'च्या साच्यात घातला की 'हाजिर', म्हणजे समोर असलेला. तोच आपला 'हजर'. हजर असण्याची नोंद ती हजेरी. ज्याचे उत्तर सदैव तयार, तो हजरजबाबी.

'हुजूर' म्हणजे मुळात नुसती 'उपस्थिती'. मग तो राजाला का म्हणू लागले? मोठ्या माणसाचे नाव थेट घ्यायचे नाही, ही रीत सगळीकडे दिसते. आपणही अर्जात 'साहेबांच्या सेवेशी' लिहितो. तसेच राजाला न म्हणता 'राजाच्या समोरच्या जागेला' म्हणायचे. असे करता करता 'हुजूर' म्हणजे खुद्द धनीच झाला. 'हजरत'चेही तेच. हुजुरांच्या समोर सदा उभा राहणारा नोकर तो हुजऱ्या. पेशव्यांचे स्वतःचे खास सैन्य ती हुजुरात. 1761 साली पानिपतावर ती भाऊसाहेबांबरोबर होती. आणि हुजुरांच्या घोड्यांची पागा ती हुजूरपागा. पुण्यात 1884 साली सुरू झालेली मुलींची शाळा त्या जागी आहे, आणि तिला लोक आजही हुजूरपागाच म्हणतात. तिथल्या मुली रोज हजेरी देतात तेव्हा पाटीवरचा शब्द आणि तोंडातला शब्द एकाच घरचे असतात!

या घराण्यातला मला सर्वांत आवडणारा शब्द मात्र आज कुणी वापरत नाही. 'मकतब'च्या साच्यात ह-ज-र घाला पाहू. झाला 'महजर'. शिवकाळात आणि पेशवाईत गावात वतनाचे भांडण लागले की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते, सगळे जमायचे, दोन्ही बाजू ऐकायचे. जो निवाडा होई त्याचा कागद म्हणजे महजर. जे हजर असत त्यांची नावे त्यावर लिहीत. लिहिता न येणारे आपापली निशाणी काढत. पाटलाची निशाणी नांगराची. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन कुणाची, हे त्या कागदावर ठरायचे. म्हणून त्या सभेत 'हजर' असण्याला फार वजन होते. आपल्या हजेरीपटापेक्षा पुष्कळच जास्त.

इथवर वाचून तुमच्यातला एखादा हुशार वाचक लगेच म्हणेल, "म्हणजे हिजरी सन आणि हजार हेही याच घराण्यातले!" थांबा, थांबा. तिथेच तर फसायला होतं. हिजरी सन येतो ह-ज-र या दुसऱ्याच धातूपासून, अर्थ घर सोडून जाणे. इ.स. 622 मध्ये महंमद पैगंबर मक्केहून मदिनेला गेले, तिथून तो सन मोजतात. म्हणजे एकाचा अर्थ येणे, दुसऱ्याचा सोडून जाणे! आणि 'हजार' तर अरबीच नाही. तो फारसी, आणि आपल्या 'सहस्र'चा सख्खा चुलतभाऊ. संस्कृतातल्या 'स'च्या जागी इराणात 'ह' येतो : सप्त तिकडे हफ्त, तसाच सहस्र तिकडे हजार.

हा गोंधळ होतो कशामुळे? अरबीत ही अक्षरे वेगवेगळी आहेत. 'हादिर'मधले मधले अक्षर जड 'द'सारखे. त्याचा उच्चार इतरांना इतका अवघड, की अरब आपल्या भाषेला त्या अक्षराच्या नावाने ओळखतात. इराणी लोकांनी अशी चार निराळी अक्षरे एकाच 'झ'सारख्या आवाजात म्हटली आणि आपण ती सगळी एका 'ज'मध्ये बसवली. मग घराणी कशी ओळखणार?

'नजर' आणि 'नजराणा' घ्या. राजाची नजर पडावी म्हणून नजराणा, असे कुणी ऐटीत सांगेलही. पण नजर म्हणजे पाहणे, आणि नजराण्यातला 'नजर' म्हणजे नवस, अर्पण. दोघांचा मधला 'ज' वेगळा. नजरेचा खरा भाऊ आहे 'मंजूर'! त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेला'. साहेबांनी कागद पाहिला, मंजूर झाला. कुस्तीतल्या पैलवानाला मिळणारा 'किताब' असाच फसवा. त्याचा पुस्तकाशी काही संबंध नाही. तो मुळात 'खिताब', म्हणजे संबोधन, पदवी, धातूच निराळा. मराठीत येताना 'ख'चा 'क' झाला आणि पैलवानाच्या हातात पुस्तक आले!

तेव्हा नुसत्या कानावर भिसरू नका... छे, भिसरू कसले, विसंबू नका! जाडजूड शब्दकोश काढून बघा. आई-बाबांनाही बसवा शेजारी. उलट प्रकारही सापडेल : दिसायला अगदी वेगळे, पण निघतात भाऊ. 'साहेब' आणि 'सोबत' हे एकाच धातूचे आहेत, सांगितले तर ऑफिसातल्या साहेबांना पटेल का? अरबीत 'साहिब' म्हणजे मुळात सोबतीच.

आता तुमच्यासाठी काम. जमा, जमाव, जमात, जुम्मा (म्हणजे शुक्रवार) आणि मुजुमदार हे आडनाव, हे पाचही एका घराण्यातले. मुजुमदार तिथे कसे पोचले? खूण सांगतो : शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात, 1674 साली, मुजुमदाराला 'अमात्य' हे नवे नाव मिळाले, आणि त्याचे काम होते राज्याच्या हिशेबाचे. वर्गात कुणी मुजुमदार असेल तर आधी त्यालाच विचारा. उत्तर पुढच्या अंकात.