किरणोपचाराचा दुसरा हिशेब

कर्करोग झपाट्याने वाढणारच आणि त्यावरील उपचार जितका जालीम तितका चांगला, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. लसिकाग्रंथींच्या बाहेर, म्हणजे जठरात, डोळ्याच्या खोबणीत, लाळग्रंथीत किंवा त्वचेत उद्भवणारे संथगती लिम्फोमा या समजुतीत बसत नाहीत. जठरातील अशी गाठ तर अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरील प्रतिजैविकांनीच विरते. ती न विरल्यास, किंवा अन्यत्र पण एकाच जागी असल्यास, किरणोपचार फार गुणकारी ठरतो. प्रश्न उरतो तो मात्रेचा.

रूढ मात्रा साधारणतः २४ ग्रेची. ती १२ बैठकांत देतात. ब्रिटनमध्ये ५४८ रुग्णांवर, ज्यांत ग्रंथींतील गाठींचेही रुग्ण होते, तिची तुलना दोन बैठकांतील ४ ग्रेशी करण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार केलेल्या जागी पाच वर्षे रोग न बळावण्याचे प्रमाण मोठ्या मात्रेने सुमारे ९० टक्के, तर अल्प मात्रेने ७० टक्के राहिले. आयुर्मानात मात्र फरक आढळला नाही.

मोठी मात्राच श्रेष्ठ, असा निकाल यावरून कोणीही देईल. परंतु ह्यूस्टनमधील तज्ज्ञांनी २०२४ मध्ये वेगळी वाट दाखविली. डोळ्याच्या खोबणीतील लिम्फोमाच्या ५० रुग्णांना त्यांनी आधी केवळ ४ ग्रे दिले आणि गाठ उरलीच तर आणखी २० ग्रे देण्याचे ठरविले. ४५ जणांची गाठ पूर्ण विरली. मोतीबिंदूचा व डोळे कोरडे पडण्याचा धोका ध्यानात घेता हा लाभ लहान नव्हे.

आता दुसरा हिशेब. नंदुरबारच्या शेतमजुराला मुंबईत १२ बैठका घ्यायच्या, तर सुट्या धरून अडीच आठवडे राहावे लागते, आणि सोबत एक माणूस हवाच. सरकारी योजनेतून उपचाराचा खर्च भागला, तरी दोघांची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात मांडायची? शिवाय एका रुग्णाच्या १२ बैठकांच्या वेळात त्याच यंत्रावर सहा रुग्णांच्या दोन-दोन बैठका होऊ शकतात. रांगेत तिष्ठणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि येथेच एक मेख आहे. अल्प मात्रा म्हणजे वाट पाहणे, आणि वाट पाहायची तर रुग्णाने दर काही महिन्यांनी तपासणीस यावे लागते. भाड्याअभावी तो आलाच नाही, तर दोन दिवसांचा उपचार अर्धवट उपचार ठरेल. म्हणून ही पद्धत स्वीकारणाऱ्यांनी तपासणीचा प्रवासखर्च उपचाराच्याच खर्चात धरावा, आणि जी तपासणी जिल्हा रुग्णालयात होऊ शकते तिच्यासाठी रुग्णाला मुंबईस बोलावू नये.